हद्दीचा खुंट

मु. आल्डेन, उत्तर डाकोटा
सोमवार, ११ ऑक्टोबर १९०९

प्रिय टिली,

तू, गाय आणि दोन्ही घोडे ठीक असाल असं धरून लिहिते. इथे शाळा बरी चालली आहे. पोरं अठरा, पुस्तकं अकरा. मी राहते त्या घरची बाई बटाट्याशिवाय दुसरं काही शिजवत नाही. तुझ्या आईच्या हातचा साय-आलुबुखारांचा केक डोळ्यांसमोर येतो आणि मी चौथा बटाटा गिळते.

तुझ्या जमिनीवर डोळा असलेल्या त्या प्रुइटने हरकत घेतल्याचं गावात कळलं. परवा दुकानात तो मोठ्याने सांगत होता, "त्या रशियन पोरीचं घर तिच्या जमिनीवर नाहीच. मोजणीदार आणतो, मग बघा." लोक हसले. मीही हसले. टिली, मोजणी खरंच होणार आहे का? हरकतीची तारीख पुढे ढकलता येत नाही का? तुझी तब्येत बरी नाही असं कळवलं तर?

आणखी एक सुचवायचं होतं. यंदा थंडी लवकर पडेल असं म्हणतात. तू तुझा पलंग महिनाभर कोठारात का हलवत नाहीस? धान्याजवळ माणूस असलेलं बरं. आजच हलव. आणि कुणी विचारलं तर सांग, मी पहिल्यापासून अधूनमधून इथेच झोपते.

डोकं दुखतंय म्हणून आटोपतं घेते. तुझ्या आईवडिलांना, रोझिनाकाकू आणि याकोबकाकांना, नमस्कार सांग.

तुझी,
विनी

*

आल्डेन
मंगळवार, १९ ऑक्टोबर

प्रिय टिली,

तुझं उत्तर काल मिळालं. ते आठ वेळा वाचलं. तू लिहितेस: "विने, शाळेतल्या पोरांनी तुला वेड लावलं की काय? पाच वर्षं मी भिंतीच्या माझ्या बाजूला घोरते आहे, आणि आता शेवटच्या महिन्यात उंदरांच्या शेजारी जाऊन झोपू? तू तर पहिल्यापासूनची भित्रट. येऊ दे त्या प्रुइटला आणि त्याच्या मोजणीदाराला. मी बायबलवर हात ठेवून सांगेन की सरकारने ठोकला तिथेच तो खुंट आहे, मी रोज सकाळी त्याला घोडा बांधते. नवरा मिळाला नाही तरी चालेल, पण माझे एकशेसाठ एकर कोण नेतो ते बघतेच."

टिली, तू ती शपथ घेऊ नकोस.

हे पत्र उद्या सकाळी टपालगाडीने निघेल आणि दुपारी तुझ्या हातात पडेल. गुरुवारी मोजणी आहे, शनिवारी कचेरीत साक्ष. पत्र वाचायला एवढा वेळ पुरेसा आहे. मला मात्र लिहायला पाच वर्षं लागली.

आपण घर बांधलं तेव्हाचं आठव. तुझी जमीन पूर्वेला, माझी पश्चिमेला, मधे हद्द. तुझी कल्पना होती. "दोन घरं कशाला? रेघेवर एकच बांधू. तुझा पलंग तुझ्या जमिनीवर, माझा माझ्या. सरकारचं पोट भरलं आणि आपल्याला रात्री बोलायला माणूस." याकोबकाकांनी मातीच्या विटा पाडल्या, तुझ्या भावांनी छप्पर घातलं, आणि काकांनी खुंटापासून दोरी ताणून घराच्या बरोब्बर मधोमध भिंत उभी केली.

त्यांनी दोरी ताणली तो खुंट आदल्या दिवशी सकाळी मी हलवला होता.

सगळं सांगते, मधे थांबले तर परत धीर होणार नाही. त्या सकाळी मी एकटी जागा बघायला गेले होते. हद्द त्या खोलगट भागातून जाते, हे तुला माहीत आहे. खुंट तिथेच होता, ओकच्या लाकडाचा, आकडे कोरलेला, बाजूला मातीचा उंचवटा आणि चार खड्डे. मी खुंटाजवळ उभी राहिले आणि चहूकडे पाहिलं. गवत आणि आभाळ. तुमच्या घराचं धुराडं दिसेना, कुणाचंच दिसेना. वाऱ्याचा आवाज तेवढा होता.

माझी आई अशाच जागी राहिली होती. तू तिला शेवटी शेवटी पाहिलंस. आधीची दोन वर्षं तू पाहिली नाहीस. ती रोज भांडी घासून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आज कुणाचा तरी धूर दिसेल." एके दिवशी ती पायात काही न घालता चालत निघाली, आणि माझ्या वडिलांना ती चार मैलांवर सापडली. तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं त्या रात्री रोझिनाकाकूंनी मला तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या मधे, पिसांच्या गादीत झोपवलं. तू नऊ वर्षांची. इंग्रजीचे दहा शब्द यायचे तुला. त्यातले तीन वापरून तू म्हणालीस, "इथे तुझी जागा."

शाळेत पोरं तुला "गोवरी, गोवरी" म्हणून चिडवायची, तुमच्या चुलीत शेण जळतं म्हणून. मी तुझ्या बाकावर येऊन बसले, तर सगळे म्हणाले मी चांगली मुलगी आहे. मी चांगली नव्हते गं. तुझ्याजवळ मला भीती वाटत नसे, म्हणून बसले.

तर त्या सकाळी मी खुंट उपटला. पश्चिमेला, माझ्या बाजूला, चाळीस पावलांवर उंचवटा आहे आणि तिथून तुमचं धुराडं दिसतं. तिथे खुंट ठोकला, नवे खड्डे खणले, जुने बुजवले, वर गवताचे चौकोन लावले. दुपारपर्यंत हात सोलून निघाले होते. तू विचारलंस, मी म्हटलं फावड्याची सवय नाही. तू हसलीस आणि चरबी चोळून दिलीस.

मी स्वतःची समजूत घातली की माझीच चाळीस पावलं गेली, तुझं काही गेलं नाही. जमीन माझी कमी झाली, हे खरंच आहे. घराचं मात्र डोक्यात आलं नाही. टिली, घर पूर्ण माझ्या जमिनीवर आहे. पाच वर्षांत तू एकही रात्र तुझ्या जमिनीवर झोपलेली नाहीस. सरकारी जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिच्यावरच राहावं लागतं; कायदा एवढंच बघतो. तू नांगरलेले साठ एकर, विहीर, गव्हाची पाच पिकं, याला तो विचारत नाही. गेल्या पत्रात पलंग कोठारात हलव म्हटलं ते त्यासाठीच; कोठार तेवढं खरंच तुझ्या जमिनीवर आहे.

हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. तेव्हा सांगितलं असतं तर तू वसंतात आठ दिवसांत दुसरी खोली बांधली असतीस. मी रोज ठरवायचे आणि रोज तू शेगडीशी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत काहीतरी म्हणायचीस, आणि मी हसायचे. मला वाटायचं, कळलं तर ही आपलं अंथरूण उचलून जाईल. मग मी आणि ते गवत.

मोजणीदाराला फसवता येणार नाही. तो पुढच्या मैलाच्या दगडापासून साखळी धरत येईल, आणि जुन्या खड्ड्यांतली माती वेगळ्या रंगाची निघेल. त्यानंतर तू बायबलवर हात ठेवून "खुंट तिथेच होता" म्हणालीस, तर सगळे म्हणतील दोघींनी मिळून केलं. मग तुला कुणीच वाचवू शकणार नाही.

म्हणून आज शाळा सुटल्यावर मी जमीन कचेरीत गेले. जिन्यावर दोनदा बसले. कारकुनाने विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही वाटत. कागद द्या." सगळं लिहून सही केली. अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मिस हॉयट, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून करताय?" मी म्हटलं, माझ्या. तो म्हणाला की रेनरबाईंना, म्हणजे तुला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं हे सिद्ध झालं, तर तुझा हक्क बहुधा टिकेल. प्रामाणिक चूक कचेरी माफ करते. माझी जमीन जाईल. आणि सरकारी खुंट हलवणं गुन्हा आहे, त्याचं काय ते न्यायाधीश ठरवतील. "बहुधा" हा शब्द त्याने दोनदा वापरला.

सगळं आता तुला खरंच ठाऊक नव्हतं यावर अडलंय. आणि मी तुला ओळखते. तू मला पाठीशी घालशील. म्हणशील, विनी असं करूच शकत नाही. किंवा त्याहून वाईट, म्हणशील मलाही माहीत होतं, आम्ही दोघींनी केलं. शाळेत खिडकी मी फोडली तेव्हा छड्या तूही खाल्ल्यास. या वेळी तसं करू नकोस. हे पत्र बरोबर आण आणि अधिकाऱ्याला दाखव. तारीख वर आहे, टपालाचा शिक्का पाकिटावर असेल.

आता एवढंच मागणं. शनिवारी अधिकारी विचारेल, "खुंट कुणी हलवला?" मी भिंतीकडच्या बाकावर असेन. माझ्याकडे बघावंसं वाटलं नाही तर बघू नकोस, पण बोट नीट माझ्याकडे कर. सगळ्यांना दिसेल असं.

मला फार भीती वाटते आहे. शनिवारची वाटते, आणि रविवारची त्याहून जास्त. शनिवारी निदान तू त्याच खोलीत असशील.

लव्हिनिया हॉयट