उचलू नको

शिवदासदादा,

मोपाला तुझं विमान उतरलं असेल. चवथीच्या गणपतीला घरी आलास की पहिलं काय करशील ते मला ठाऊक आहे. दारात चप्पल काढशील आणि मला उचलून आत नेशील.

गेल्या चवथीला फुगडीच्या रिंगणात मी जेमतेम पाय टाकला, तेवढ्यात सगळ्यांदेखत तू मला उचलून खुर्चीत बसवलंस. "पडशील गो बाय!" बायकांनी तुझं कौतुक केलं. मी दात आवळून हसले.

मोठी झाले म्हणून माझी थेरपी बंद झाली, सेरेब्रल पाल्सी काही बंद झाली नाही. तू मायेने उचलत राहिलास, पाय आखडत गेले. पेडण्याची फिजिओथेरपिस्ट म्हणते, हे पाय जन्मभर हलते ठेवावे लागतील. त्या फुगडीपासून मी रोज पडवीचा खांब धरून उठबस करते. तू ओरडशील म्हणून आईने तुला सांगितलं नाही.

आज मी दारापर्यंत चालत येणार आहे. पडले तर उठेपर्यंत थांब. नुसते हात पुढे कर, फुगडीला करतात तसे.

हे तुला पाठवत नाही. आधी वाचलंस तर धावतच आत येशील. दारात तोंडानेच सांगेन.

गेट वाजलं. उठते.

तुझी,
तारा