डाव्या तळहाताचं काम

अप्पा,

तुम्ही माझ्या कामाला आयुष्यभर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव दिलंत, आणि त्याबद्दल मी अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग शिळा होत नाही. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. मी मुंबईहून नुकती शिकून आलेली, आणि लक्ष्मीपुरीतल्या आपल्या धान्याच्या दुकानामागच्या खोलीत नेसरीचे पाहुणे मला बघायला बसलेले. "पोरगी काय करती म्हणायची?" त्यांनी विचारलं. तुम्ही मिशीवरून हात फिरवत म्हणालात, "डागदरीन हाय की." मी म्हणाले, "डॉक्टर नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत म्हणून..." "म्हंजे मालिश?" पाहुणे हसले, स्थळ गेलं, आणि त्यांची पाठ वळल्यावर तुम्ही ओरडलात ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. "पावण्यांम्होरं गप बसाया काय झालतं? ज्या कामाला मराठीत धड नाव न्हाय, त्याचा कसला ताठा गं?"

नाव होतं, अप्पा. व्यवसायोपचार. तशी पाटी लावली, तर एक गृहस्थ धंदा चालत नाही म्हणून उपाय विचारायला आले. तुम्ही ऐकलं असतंत तर पोट धरून हसला असतात, म्हणून सांगितलं नाही. दवाखान्यात मला फिजिओथेरपीच्या पडद्याआड एक टेबल मिळालं होतं. त्यावर बटणांची कापडं, ओली माती, नटबोल्ट. येणारा-जाणारा त्याला खेळघर म्हणायचा. डॉक्टर चिठ्ठीवर 'फिजिओ' लिहायचे, मी ते खोडून माझं लिहायची, ते चिडायचे, मी पुन्हा खोडायची. फिजिओवाल्यांशी माझं भांडण नव्हतं. ते माणसाला उभं करतात, आणि ते मोठंच काम आहे. पण उभं राहिल्यावर पुढं काय? बाईला एका हातानं निऱ्या घालायच्या असतात, भाकरी थापायची असते, आपली वेणी आपण घालायची असते. ते माझं काम. ते खेळ नाही, आणि कुणाचं उरलंसुरलं तर मुळीच नाही.

मग लकवा होऊन तुमची डावी बाजू गेली. फिजिओथेरपीनं तुम्हाला काठीवर चालतं केलं, आणि डॉक्टर म्हणाले, "हात आता एवढाच समजा." तुम्हाला चालण्याचं कौतुक नव्हतंच. आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पूजा करायची, आणि त्याआधी तोंडात घास घालायचा नाही, हे तुमचं लहानपणापासूनचं. आता डावी मूठ उघडत नव्हती. अव्वा, माझी आई, म्हणाली, "पाटावर ठेवा की. देव काय रागावतोय व्हय?" तुम्ही ठेवलंत, पूजा केलीत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. मी व्यायामाला मऊ चेंडू दिला, तो तुम्ही फेकून दिलात. "मी काय बारकं पोर हाय?" बरोबर होतं तुमचं. चेंडूसाठी कोण मूठ उघडेल?

दुसऱ्या सकाळी मी सुपारी घेऊन तुमच्यासमोर बसते. तुमच्या मांडीवर उशी, उशीवर कोपर. मनगट आत वाकवलं की बोटं थोडी सैल पडतात. मग अंगठ्याच्या बुडाशी धरून मूठ सावकाश उघडायची आणि तळहात वर वळवायचा. सुपारी घरंगळते. तुम्ही शिव्या देता, मला की हाताला ते कळत नाही. "लिंग असं पडलं तर?" "म्हणून तर सुपारी आहे." कित्येक आठवडे हेच. सुपारी टिकायला लागली, तेव्हा गळ्यातलं लिंग तुम्ही आपल्या उजव्या हातानं सोडलंत, आणि त्या सकाळची पूजा डाव्या तळहातावर झाली. अव्वा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, आता तरी माझ्या कामाचं नाव घ्याल.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "वा! फिजिओ चांगली झाली." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "देवाची दया, डागदर." मग मीच म्हणाले, "देवाची दया असेल, पण फिजिओ नव्हती. ऑक्युपेशनल थेरपी होती. कागदावर तसं लिहा." त्यांनी लिहिलं, कपाळाला आठ्या घालून का होईना. रिक्षात तुम्ही म्हणालात, "लई तोंड हाय तुला. असल्या तोंडाची डागदरीनच व्हाया पायजे हुतीस."

आजही कुणी चुकीचं नाव घेतलं की मी दुरुस्त करते. लोक म्हणतात, एवढ्याशा शब्दावरून काय भांडायचं? शब्द एवढासा नाही. ज्या कामाचं नाव माहीत नाही, त्याच्याकडे कुणी रुग्ण पाठवत नाही. मग कुणीतरी सांगतं की हात एवढाच समजा, आणि घरचे तसंच समजतात. मी भांडणार, अप्पा. तुमच्याशीसुद्धा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी रिवाजाप्रमाणे तुम्हाला समाधीसाठी बसवलं होतं, आणि अंत्यविधी करणारे जंगमस्वामी तुमच्या डाव्या हातात लिंग ठेवू बघत होते. मूठ मिटलेली. ते बोटं ओढायला लागले. "ओढू नका, थांबा," असं म्हणत मी पुढं झाले, तुमचा हात माझ्या हातात घेतला आणि उघडून दिला. त्यांनी लिंग ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमी डागदर हाय काय?"

भोवती आपले सगळे पाहुणे होते. तुम्ही त्यांना जन्मभर तेच सांगत आला होतात.

मी "व्हय" म्हणाले. तेवढं एकदाच.