आत देव आहेत

ड्रेस्डेन
२३ मार्च २०२५

ती. कमलआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता फोन कानाशी धरवत नाही, हे तुझं कारण बाबांना पटत नसलं तरी मला पटतं. शिवाय आमच्या चिपच्या कारखान्यात आठवडाभर पांढरा झगा घालून, तोंडबिंड झाकून वावरल्यावर रविवारी कुणाशी तरी ऐसपैस बोलावंसं वाटतंच.

नव्या घरात स्थिरस्थावर झाले. वरच्या मजल्यावर मराठी माणसं निघाली, पुण्याची. शिरीष आणि विभावरी, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. सात वर्षांची तनया मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. पिवळ्या रंगाचं एक मांजर आहे, त्याचं नाव पिठलं. दारावरचं ‘शेंडे’ वाचून विभावरीताईंनी आपणहून बेल वाजवली. आम्ही सदाशिव पेठेतल्या शेंड्यांपैकी का, असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही नागपूरचे. तर म्हणाल्या, एखादी शाखा तिकडे गेली असणार. मला हसू आलं, मी पुढे काही बोलले नाही. तेव्हापासून दर रविवारी मला वर जेवायला बोलावतात.

दोन गोष्टी मात्र अजून सोसत नाहीत. एक म्हणजे पिठल्याच्या वाळूच्या डब्याचा वास. दुसरी म्हणजे शिरीषदादांचा नाश्ता. इथे डुकराचा कच्चा खिमा पावाला फासून, वर कांदा पसरून खातात. कच्चा, आत्या! गुलाबी, ओला. ते मिटक्या मारत खातात आणि संध्याकाळी बिअरवर प्रवचन देतात. पाचशे वर्षांपूर्वी इथे बिअरसाठी शुद्धतेचा कायदा झाला, म्हणून जगात अशी निर्मळ बिअर नाही, वगैरे. मी अर्धा ग्लास प्यायले. काढा बरा. बाबांना सांगू नकोस.

या लोकांच्या पायाला भिंगरी आहे. ईस्टरला प्राग आणि व्हिएन्नाला निघालेत. पिठलं आणि घराची किल्ली माझ्या स्वाधीन.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
उत्कर्षा


नागपूर
१० एप्रिल २०२५

चि. उत्कर्षा हिस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र जेवताना वाचायला घेतलं ही माझी चूक. कच्च्या डुकरापाशी आले आणि घास ताटात परत ठेवला. वर ते मांजर! मांजर मला कधीच सोसलं नाही. अंगणात दिसलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. त्याचे केस चहात पडतात, ते तसल्या डब्यातून उठून ओट्यावर चढतं, आणि तू इंजिनीअर पोरगी त्याची घाण उपसणार. काहून पण? जर्मनीत माणसं कमी पडली का?

बिअरचं तुझ्या बाबाला, राजानंदला सांगितलं नाही. सांगणारही नाही, पण बदल्यात मला फोटो पाठव. ग्लासासकट.

एक सांगते, रागावू नकोस. शुद्धतेचा कायदा या शब्दांपाशी मी अडखळले. बिअरपुरता असेल तर असो बापडा. आणि पेठ विचारली तेव्हा तू हसून सोडून दिलंस. तू लपवलंस असं मी म्हणत नाही. पण त्यांनी त्यांच्या मनाने तुला कुठेतरी बसवलंय, ती जागा तुझी नाही.

तब्येत जप. हात साबणाने धूत जा, मांजराला लावल्यावर दोनदा.
तुझ्या पत्राची वाट बघणारी
आत्या


ड्रेस्डेन
११ मे २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

ते फिरायला गेले तेव्हा विभावरीताई स्वतःच म्हणाल्या होत्या, वर स्वयंपाकघर मोठं आहे, तिथेच करून खात जा. मी पिठल्याला खायला घालायला जायचे आणि तिथेच रांधायचे. ते यायच्या दिवशी प्रवासातून दमून येतील म्हणून पातोडीचा रस्सा करून ठेवला. त्यांनी बोटं चाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी विभावरीताई कौतुक करायला खाली आल्या. माझ्या घरात त्यांचं ते पहिलंच पाऊल, एरवी मीच वर जायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, जयंतीचा हार अजून तसाच होता. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अच्छा, एवढंच म्हणाल्या. मी पाणी आणलं, ते न घेता गेल्या.

संध्याकाळी शिरीषदादा किल्ली मागायला आले. रविवारचं बोलावणं बंद झालं. तेही चाललं असतं.

इथे नको असलेल्या वस्तू लोक खोक्यात घालून दारासमोर ठेवतात, वर ‘त्सु फेरशेंकेन’ लिहितात, म्हणजे फुकट घेऊन जा. शनिवारी आमच्या इमारतीच्या दारात असं खोकं होतं. त्यात विभावरीताईंची लोखंडी कढई होती, पुण्याहून विमानात सांभाळून आणलेली. झारा होता. पोळपाट-लाटणं होतं. मी ज्या ताटात जेवायचे ते ताट, दोन वाट्या. मी हात लावला नव्हता असं एकही भांडं त्यात नव्हतं. तळमजल्यावरच्या लिंडनरबाईंनी कढई उचलली आणि यात काय तळतात म्हणून मलाच विचारलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

शिरीषदादा बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन उतरत होते, त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, मी असलं काही मानत नाही, पण विभाच्या आई जूनमध्ये येणार आहेत, त्यांना चालत नाही. शिवाय, म्हणाले, तू तर अजिबात त्यांच्यातली वाटत नाहीस. हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं, आत्या. पाठीवर थाप मारल्यासारखं. खोक्यापेक्षा मला त्या कौतुकाची किळस आली. घरी येऊन आंघोळ केली तरी गेली नाही.

तुझी
उत्कर्षा


नागपूर
२९ मे २०२५

चि. उत्कर्षा हिस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र राजानंदला वाचायला दिलं. त्याने पूर्ण वाचलं, घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेला. परत आल्यावरही काही बोलला नाही.

मी तुला माझ्या वेळच्या गोष्टी सांगत बसणार नाही. त्या सांगितल्या की ऐकणारा म्हणतो, तो काळच तसा होता. मग हा काळ कुठला? कच्चं डुक्कर ज्याच्या पोटात सुखाने बसतं त्याला तुझ्या हातचा रस्सा बाधतो, आणि तोही बोटं चाटून झाल्यावर. शी! मला मांजराच्या डब्याची किळस वाटत होती. तो डबा सोज्वळ म्हणायचा.

घर बदलायचा विचार तुझ्या मनात आला असेल. बदलू नको. भाडं तूही भरतेस. जिना चढताना खाली बघायचं नाही. नमस्कार केला तर नमस्कार करायचा, नाही केला तर आपल्या वाटेने जायचं. आणि जेवत जा नीट. तुला काही मनाला लागलं की तू जेवत नाहीस, हे मला इतक्या लांबून दिसतं.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे लक्षात ठेव.
आत्या


ड्रेस्डेन
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

विभावरीताईंच्या आई आल्याच नाहीत. तनया जिन्यात म्हणाली, आजी यायचीच नव्हती. म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या नावावर खपवलं.

आता कालचं. सुट्टीत ते बव्हेरियात गेलेत, शिरीषदादांना तिथल्या बिअरच्या भट्ट्या बघायच्या होत्या. मांजराकडे बघायला समर्थ नावाचा पुण्याचाच एक विद्यार्थी ठेवला होता. तो मुलाखतीसाठी न्युरेम्बर्गला गेला आणि तिकडेच राहिला, हे मागाहून कळलं. काल दुपारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा वरून आवाज आला. मूल रडतं तसा. इथल्या खिडक्या वरच्या बाजूने आत कलतात आणि कडेला खाली निमुळती फट राहते. पिठलं बाहेर पडायला गेलं आणि कमरेशी त्या फटीत अडकलं होतं. जेवढं तडफडत होतं तेवढं खाली रुतत होतं.

मी धावत हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या क्र्योगर यांना, बोलावलं. त्यांच्याकडे जादा किल्ली असते, पण घरात राहणाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय ते दार उघडत नाहीत. शिरीषदादांनी फोन घेतला नाही. विभावरीताईंनी घेतला. मी स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं, मांजर मरेल असंही सांगितलं. त्यांनी क्र्योगरना जर्मनमध्ये जायची परवानगी दिली. मग मराठीत मला म्हणाल्या, तू मात्र जाऊ नकोस गं, आत देव आहेत.

क्र्योगरनी विचारलं, त्या काय म्हणाल्या. मला जर्मन येतं, आत्या. पण ते वाक्य मला तोंडात धरवेना.

ते एकटे आत गेले. मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. खरंच उभी राहिले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते. आतून पिठल्याची किंकाळी ऐकू आली. क्र्योगर हात रक्ताळून बाहेर आले, म्हणाले, खाली ओढलं तर जास्तच अडकतंय, चावतंय, मला जमणार नाही. तेव्हा मी आत गेले. फोन चालूच होता, त्यात त्या माझं नाव घेऊन हाका मारत होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात देव होते. त्यांच्यापैकी कुणी काही म्हणालं नाही. मी पिठल्याच्या पोटाखाली हात घालून त्याला वर उचललं. ते मला चावलं नाही. मागचे दोन्ही पाय फडक्यासारखे लोंबत होते.

टॅक्सीने प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. जगेल म्हणाले. पायांचं सांगता येत नाही. ते लोक आज रात्रीपर्यंत परततील. माझ्या हाताला अजून त्याच्या अंगाचा वास आहे, आणि तो मला धुवावासा वाटत नाही.

तुझी
उत्कर्षा


नागपूर
३० जुलै २०२५

चि. उत्कर्षा हिस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

आधी हे कळव, त्याचे पाय कसे आहेत? खातंपितं का? मी मांजराची चौकशी करते आहे हे कुणाला सांगू नको.

उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस म्हणून स्वतःची शिसारी येऊ देऊ नकोस. तुला तिथे कुणी उभं केलं ते बघ. आणि आत गेलीस हेही बघ, ते तुला कुणी सांगितलं नव्हतं.

राजानंद या वेळी बोलला. म्हणाला, पोरीला विचार, रजा कधी मिळते. त्याला तुला बघायचं आहे. मलाही.
आत्या


ड्रेस्डेन
१७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पिठलं खातंपितं. एक पाय सुधारला, दुसरा फरपटतो. तनया त्याला कडेवर घेऊन जिना चढते. मी भेटले की थांबते आणि मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवू देते, आईने हाक मारेपर्यंत. दिवाळीची रजा मी टाकली आहे, बाबांना सांग.

आता राहिलेलं सांगते. वरच्यांनी मांजर एकटं कोंडून ठेवलं म्हणून लिंडनरबाईंनी प्राण्यांच्या सरकारी कचेरीत तक्रार केली. तिथला माणूस चौकशीला येणार, माझ्याशीही बोलणार, असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी विभावरीताई माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या, आपणहून. म्हणाल्या, एवढंच सांग की मांजर तुझ्याकडे सोपवलं होतं आणि तू थोडा वेळ बाहेर गेली होतीस. तनयाचं मांजर काढून नेतील, दंड होईल, ऑफिसात कळलं तर लाज जाईल. आपण मराठी माणसांनी परदेशात एकमेकांना नाही सांभाळायचं तर कुणी, असंही म्हणाल्या.

मी चहा टाकला. त्यांच्यापुढे कप ठेवला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मीही बघत होते. त्यांनी कप उचलला, डोळे भिंतीकडे लावले आणि औषध घ्यावं तसा घोटाघोटाने चहा पिऊ लागल्या. चहा छान झालाय, असंही म्हणाल्या.

तोवर मला वाटत होतं, काही का असेना, त्यांची ती श्रद्धा असेल. चुकीची, दुष्ट, पण खोलवरची. तसं काही नव्हतं. काम निघालं की चहा घशाखाली उतरत होता. ज्यासाठी पिठलं त्या फटीत लोंबकळत राहिलं ते एका चहाएवढंही घट्ट नव्हतं. मला त्या खोक्याच्या वेळी आली नव्हती एवढी किळस तेव्हा आली.

मी त्यांना सांगितलं की मी जे घडलं तेच सांगणार, फोनवरच्या बोलण्यासकट. त्यांचा चेहरा उतरला. मग उभ्या राहून म्हणाल्या, हेच करायचं होतं तर चहा कशाला दिलास. मी म्हटलं, घरी आलेल्या माणसाला आम्ही विचारतोच. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. तनया मांजराला किती जीव लावते तेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. त्यांना लेखी समज मिळाली. पिठलं घरीच राहिलं.

विभावरीताई गेल्या त्या संध्याकाळचं तेवढं राहिलं. कपात तळाशी घोटभर चहा होता आणि कडेला त्यांच्या ओठांचा रंग लागला होता. मला तो कप हातात घेववेना. टाकून द्यावासा वाटला, अगदी चिमटीत धरून, लांबवर. कचऱ्याच्या डब्याचं झाकण मी उघडलंसुद्धा होतं. मग मला दिसलं मी कशी उभी आहे ते.

मी झाकण लावलं. कप घासला. भांड्यात चहा शिल्लक होता तो गरम करून त्याच कपात ओतला आणि खिडकीशी बसून प्यायले. पहिला घोट घशातून उलटून वर आला, आत्या. मी तो गिळला, आणि मग सगळा संपवला.

तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.
तुझी
उत्कर्षा