झैनाबूची बोली

प्रिय नफिसा,

झैनाबूने लेकीशी फक्त इंग्रजीत बोलावं, हा तुझा सल्ला ऐकला. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तू मधे तोंड घालतेस, म्हणून लिहिते. अक्षर चौथीतलं आहे, लावून घे.

माझ्या उमैरने नोसी बे बेटावरची बायको केली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, तुला ठाऊक आहे. आता नाही. पोरगी सकाळीसुद्धा भात खाते, माशाचं डोकं माझ्यासारखं चोखते, आणखी काय पाहिजे. मादागास्करची भाषा मलागासी, पण हिची किनाऱ्यावरची बोली, साकलाव म्हणतात. लेकीला, हिबाला निजवताना त्या बोलीत गुणगुणायची, मलासुद्धा पेंग यायची.

मग घाण मीच केली. इथे आखातात, अल सद्दच्या बाजारात तिच्या देशाची एक बाई भेटली, राजधानीची. म्हटलं सुनेला गाववाली मिळाली, आणि घेऊन आले जेवायला. कोलंबी केली, सांदणं केली. झैनाबू दोन वाक्यं बोलली नाही तोच ती बाई हसली. मला भाषा कळली नाही, हसणं बरोबर कळलं. आधी दुखानला राहायचो तेव्हा शेजारच्या, पुण्याच्या शैलजाबाई माझ्या बोलण्याला अशाच हसायच्या. बाईला सांदण बांधून दिलं नाही, रिकाम्या हाताने पाठवली.

त्या दिवसापासून सून हिबाशी मोडकं इंग्रजी बोलायला लागली. गुणगुणणं बंद. पोर रडून रडून हैराण.

त्यांच्याकडे भेटल्यावर म्हणतात, म्बोला त्सारा. म्हणजे अजून बरं आहे. समोरच्यानेही तेच म्हणायचं. तिची आई गेल्यापासून तिला तसं म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. मी न्हाणीत घोकलं आणि सकाळी चहा देताना म्हणून टाकलं. पोरीने कप खाली ठेवला. मग डोळे पुसून तिनेही म्हटलं. यल्ला, गाडी सुरू झाली, रात्रीचं गुणगुणणंही. आता हिबा निजते, मीही निजते.

पुढच्या महिन्यात ती हिबाला घेऊन दाभोळला तुझ्याकडे येते आहे. उमैरला रजा नाही, माझे लोकांकडचे स्वयंपाक सुटत नाहीत, दोघी एकट्याच येतील. टोपाच्या तळाला लागलेल्या भाताच्या खरपुडीत पाणी उकळून पिते ती, टोप घासायला ओढू नकोस. इंग्रजीचा विषय खलास. आणि दारात सलाम झाला की आधी तू म्हण, म्बोला त्सारा. तेवढं सांगायलाच हे लिहिलं. आजपासून घोकायला लाग.

तुझीच, अजून बरी असलेली,
रुकैयाआपा