मागे राहिलेल्या फाइलचं नाव

आदरणीय दाजी,

मेहुण्याचा मनापासून (कोपरापासून नव्हे) नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? ताई फोनवर कंबरेबद्दल कमी आणि तुम्ही ती वाकवत नाही याबद्दल जास्त बोलते. आम्ही सगळे मजेत आहोत. अत्यवस्थ होती ती फक्त माझी नोकरी.

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही हौसेने लिहून दिलेला 'अमर' हा प्रोग्रॅम पेशंटचे नंबर पुकारतो आणि त्याच्याकडून नंबर घेऊन माझा प्रोग्रॅम चष्म्याच्या चिठ्ठ्या छापतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ('हा कधी मरायचा नाही,' असं तुम्ही भर पंगतीत सांगितलं होतंत.) तर हे दोघे दुपारी एकदम बंद पडू लागले. डोळ्यांत थेंब घालून बसवलेली माणसं डोळे मिटून वाट बघत राहायची. एक आजोबा तर कंटाळून उठले आणि आपली बायको समजून भलत्याच आजींचा हात धरून घरी निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला, की दोष माझ्या प्रोग्रॅमचा. महिनाअखेरपर्यंत सुधारला नाही, तर चिठ्ठ्या हाताने लिहू आणि मी दुसरीकडे काम बघावं.

त्यांचंही चुकत नव्हतं. प्रोग्रॅम कोसळला, की शेवटी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते यंत्र एका फाइलमध्ये उतरवून ठेवतं. पण मरो कुणीही, त्या फाइलला यंत्र नाव देतं एकच, त्यामुळे नवी फाइल जुनीला पुसून तिच्या जागी बसते. मी धावत जाऊन बघावं, तर दर वेळी फाइल माझ्याच प्रोग्रॅमची. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. पण संन्याशाला निदान आपण चोर नाही हे तरी माहीत असतं. मला तेवढीही खात्री नव्हती.

मग वाचनात आलं, की हे नाव कसं ठेवायचं ते आपण ठरवू शकतो. मी यंत्राला सांगितलं, नावात वेळ घाल. यंत्र कुठल्याशा जुन्या वर्षापासूनचे सेकंद मोजतं, तेव्हा नाव झालं दहा आकडी. स्वागताच्या टेबलावरच्या मावशींना तो पेशंटचा फोन नंबर वाटला आणि त्या दुपारभर तो लावत बसल्या. ('उचलत नाहीत हो,' म्हणाल्या.) फाइल मात्र पुन्हा एकच, माझीच. मग मी नावात प्रोग्रॅमचंही नाव घातलं आणि निश्चिंत झोपलो. सकाळी मावशींनी त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे यंत्र बंद करून चालू केलं (त्याने ते ताजंतवानं होतं, असं त्यांचं मत आहे) आणि माझं सांगणं यंत्र साफ विसरलं. शेवटी ते चालू होताना जी सेटिंगची फाइल वाचतं, तिच्यातच नियम लिहून टाकला.

काल दुपारी सगळं पुन्हा कोसळलं आणि दाजी, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. फाइली दोन होत्या. दोघे एकाच सेकंदात गेले होते, म्हणून नुसत्या वेळेने फरक पडला नव्हता. माझा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे नंबर मागत होता. उत्तर आलं नाही म्हणून तो मागोमाग गेला. बाईंनी हे ऐकून घेतलं आणि हाताने लिहायची पॅडं परत कपाटात ठेवायला सांगितलं. सोमवारी त्या दुसऱ्या फाइलवरचं नाव बघणार आहेत.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. नाव तुम्ही ओळखलंच असेल. 'अमर' गेला, दाजी. एखाद्या पेशंटला दोनदा पुकारूनही तो आला नाही, की तिसऱ्यांदा पुकारताना हा जीव सोडतो. इतका मानी स्वभाव त्याने कुठून उचलला ते मी विचारत नाही. शनिवारी या आणि त्याला तुमच्या हाताने दुरुस्त करा. बाईंना मी सांगेन, दोघांनी मिळून शोधलं.

पुन्हा ता. क. ताईला यातलं काही कळू देणार नाही. पाकीट तिनेच आधी फोडलं असेल (ती फोडतेच), तर ताई, दाजींना शनिवारी घेऊन ये. दोनदा सांगूनही उठले नाहीत, तर तिसऱ्यांदा सांगू नकोस.