खोबऱ्यावरचा आळ

आई,

त्या शनिवारी बाबांनी सोलकढीची दुसरी वाटी मागितली, तू हसून दिलीस, आणि रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत. बाराव्याला मानखुर्दची आत्या म्हणाली, "सुलक्षणा, खोबरं चारून चारून तूच घालवलंस गो माझ्या भावाला." तेव्हापासून तू घरात नारळ आणू दिला नाहीस.

काल डॉक्टरांनी बाबांचे जुने रिपोर्ट पाहिले. रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेणारं एक प्रथिन यकृतात असतं. बाबांच्यात ते जन्मापासूनच कमी असणार, बहुतेक आजोबांकडून आलेलं. त्यांच्या टाचेमागच्या गाठी चपलेने झाल्या नव्हत्या, तिथे कोलेस्टेरॉल साठलं होतं, आणि तसंच वर्षानुवर्षं हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही. तशीच एक गाठ माझ्या टाचेमागे आहे. घाबरू नकोस, यावर औषधं आहेत.

मी आणि सुयोगदादा रक्त द्यायला मुलुंडला जातोय. उपाशीच जायचंय, म्हणून चहा केला नाही. आत्यालाही तपासून घ्यायला सांगितलंय. ओट्यावर नारळ ठेवलाय, दुपारी सोलकढी कर.

बाराव्याला मी गप्प बसले. आत्ता तू झोपलेली असताना तुझ्या उशाशी मोठ्याने बोलले, तेच इथे लिहिते: आई, बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत.

अपूर्वा