माझा बुधवार आणि ह्यांच्या सुया

९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा उसवला! जावयाचा स्वेटर. पाठ विणून पूर्ण झाली, कौतुकाने पलंगावर पसरली, तर आमच्या जावयासारखे दोन जावई आरामात मावतील एवढा घेर. गेल्या वर्षीचा त्याला दंडात घट्ट झाला होता, म्हणून यंदा जरा सढळ हाताने घेतला. हात जास्तच सढळ झाला. लेक म्हणते, "आई, तू विणतेस प्रेमाने, पण कुणाला बघून विणतेस?"

हे बाजूला उभे राहून बघत होते. रिटायर होऊन आठवडा झालाय. जन्मभर सरकारी खात्यात लिफ्ट तपासल्या. आता तपासायला घरात मी एकटीच उरलेय. म्हणाले, "सुरू करण्याआधी माप घेत नाहीस का गं?"

म्हटलं, अंदाज असतो.

"अंदाज," म्हणाले. फक्त एवढंच. पण असं म्हणाले, जणू माझ्यामुळे कुणाची तरी लिफ्ट कोसळलीय!

दुपारी वाचनालयात गेले, तेव्हा कुठे जीव शांत झाला. वरच्या मजल्यावरची ती कोंदट खोली, मधोमध डगमगतं टेबल, भोवती आम्ही सहासात बायका आणि आमच्या पिशव्या. नर्सबाईंनी नातीची टोपी आणली होती. शिंपीणबाई क्रोशाचे रुमाल करतात, एकासारखा दुसरा नसतो, त्याला त्या डिझाइन म्हणतात. काय बोलतो आम्ही? काहीच नाही. पण तिथे मला "माझे मोजे कुठे आहेत" असं कुणी विचारत नाही. दर बुधवारी दोन तास मी कुणाची कोणीही नसते. सबंध आठवड्यात माझं म्हणून एवढंच आहे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

हे विचारत होते, "हे नेमकं होतं कसं? टाका टाक्यात अडकतो कशाने?"

चार वेळा टाळलं. शेवटी जुन्या सुया आणि उरलेला राखाडी गुंडा हातात दिला, सुलट टाका दाखवला आणि स्वयंपाकघरात निघून आले. मनात म्हटलं, दहा मिनिटांत कंटाळतील.

तासाने हे आले. हातात विणकाम नाही, कपाटातलं ते पितळी मापयंत्र! माझ्या सुयांची जाडी मोजत होते. "अगं, ही जोडी नाहीये. एक सुई बारीक आहे, एक जाड आहे."

शक्यच नाही म्हटलं. माझ्या आवडत्या सुया आहेत त्या. लेकीच्या बाळंतपणापासून त्यांनीच विणतेय.

मोजून दाखवलं. खरंच एक बारीक, एक जाड!

रात्री जेवताना माझ्याकडे बघून एकदाच हसले. मी भाजी वाढली नाही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांनी हातरुमालाहून लहान असा एक चौकोन विणला. मग तो धुतला. वाळवला. टाचण्यांनी पाटावर ताणून बसवला आणि पट्टीने मोजला.

"काय होणार याचं?" मी विचारलं.

"काही नाही. हा नमुना. आधी नमुना, मग काम."

एवढी वर्षं विणतेय, मी कधी नमुना विणला नाही. उगाच लोकर वाया कोण घालवणार? हे ह्यांना नाही सांगितलं, पण नर्सबाईंना आज विचारलं तर त्या म्हणाल्या, "विणायला हवा खरा, पण कोण विणतं!" बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

आज हे वाचनालयापर्यंत सोडायला आले. मग "जिना अंधारा आहे" म्हणून वरपर्यंत आले. मग "जरा बघतो" म्हणून बसले. मग खिशातून सुया काढल्या!

खिशातून! म्हणजे घरातून निघतानाच ठरलं होतं.

बायकांना काय झालंय कळत नाही. पुरुषाने दोन सुया हातात धरल्या की ते कौतुक, आम्ही जन्मभर धरल्या तो टाइमपास. शिंपीणबाईंनी तर तोंडात बोटं घातली. "किती एकसारखे टाके! मशिनवर केल्यासारखे!" ह्यांनी शांतपणे सांगितलं की टाका सैल-घट्ट होण्याचं कारण म्हणजे धागा बोटाभोवती गुंडाळायची पद्धत. मग सगळ्यांच्या बोटांची तपासणी झाली. माझीही. माझी पद्धत "धोक्याची" निघाली.

डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवून तेही सरळ करून टाकलं. मला ती डगमग आवडायची, हे आज कळलं.

३० नोव्हेंबर, बुधवार

ह्यांनी मोज्याची टाच वळवली.

ज्याने विणलं नाही त्याला कळणार नाही. टाचेशी आलं की माझ्या नाकी नऊ येतात. म्हणून मी सगळ्यांना सरळ नळीसारखे मोजे देते आणि वर सांगते, असेच बरे, कुठल्याही पायात बसतात. ह्यांनी कागदावर आकृती काढली, ओळ मोजत मोजत गेले, आणि टाच अशी वळली की काय सांगू. नर्सबाईंनी मोजा हातात घालून सगळ्यांना दाखवला. निवृत्तीनंतर ह्यांचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदाच बघितला.

छान, म्हटलं. माझ्याच तोंडाने म्हटलं. पोटात मात्र इतकं दुखलं!

घरी येताना म्हणाले, "पुढच्या बुधवारी त्यांना टाच शिकवणार आहे." म्हणजे माझ्या बुधवारी.

४ डिसेंबर, रविवार

लेकीचा फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा. मग हळूच म्हणाली, "आई, रागावू नकोस. ह्याचा स्वेटर यंदा बाबांना विणायला सांग ना. बाबांचं मापात असतं म्हणे."

म्हणे! कुणी सांगितलं? बाबांनीच मोज्याचा फोटो पाठवला होता. टाचेचा. जवळून.

नाही रागावले. "सांगते हं," म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले थोडा वेळ. वय काय, रडतेय कशावर! स्वेटरवर.

७ डिसेंबर, बुधवार

लिहू की नको असं झालंय.

हे चहा आणायला खाली गेले होते. नर्सबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. आमचे हे दिवसभर सोफ्यावर." आणि माझ्या तोंडून सुटलं. सगळंच सुटलं. म्हटलं, घ्या घेऊन जा माझे! घरात उठता बसता आहेतच. गॅस किती मोठा ठेवायचा ते सांगतात, पडदा किती सरकवायचा ते सांगतात. ही एवढी एक जागा माझी होती, तीही तपासायला घेतली. आता मी कुठे जाऊ?

शिंपीणबाई दाराकडे बघत होत्या.

हे दारात उभे होते. हातात कपांचा ट्रे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"चहा निवतोय," म्हणाले. सगळ्यांना कप दिले. बसले. कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना टाच शिकवली. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मग घरी चालत निघालो. पाय दुखतात म्हणून मी हळू चालले, तर हेही हळू चालले.

८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी माझ्या पिशवीत ह्यांच्या सुया होत्या. लोकर नीट गुंडाळलेली, एक मोजा पुरा, दुसरा घोट्यापर्यंत आलेला.

जिंकले मी.

१४ डिसेंबर, बुधवार

एकटी गेले. नर्सबाईंनी विचारलं, "साहेब कुठे?" सर्दी झालीय म्हटलं. कुणी विश्वास ठेवला नाही. खोटं बोलायचीही सवय असावी लागते.

दोन तास माझे होते. सगळेच्या सगळे माझे! जावयाची बाही विणायला घेतली. बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. मी सारखी दाराकडे बघत होते, असं शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांना काय, एका जागी बसून रुमाल करायचा.

१७ डिसेंबर, शनिवार

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन आले. ह्यांनी इमारतीची लिफ्ट बंद ठेवून तपासली. परवानगी न घेता. सगळी सकाळ म्हाताऱ्यांना जिन्याने पाठवलं. म्हणे, थांबताना धक्का बसतो. "आम्हाला तो धक्का चालतो," असं ते गृहस्थ म्हणाले.

हे माफी मागून आत आले. खिडकीशी बसले. टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवला. पस्तीस वर्षं लिफ्ट ज्यांच्या सहीवाचून चालत नव्हत्या, त्यांना आता टीव्हीचा आवाजही मोठा करावासा वाटत नाही.

मी विचारलं, "विणायचं का?"

"नको. तुझं आहे ते."

टोमणा असता तर परवडला असता. भांडायला काही तरी मिळालं असतं. पण खरंच मनापासून म्हणाले. समजूतदारपणे. अंगाचा तिळपापड झाला माझ्या!

१९ डिसेंबर, सोमवार

त्यांच्या खुर्चीवर मुद्दाम लोकरीचा गुंडा ठेवला. ह्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला आणि बसले.

२१ डिसेंबर, बुधवार

गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं. "मग पड जरा," म्हणाले आणि अंगावर पांघरूण घातलं. सर्दीचं मी खोटं सांगितलं, डोकेदुखीचंही मीच.

माफी मागावी का? आमच्या घरात ती पद्धत नाही. लग्न झाल्यापासून दोघांपैकी कुणीही कुणाची मागितलेली नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याला "मीठ कमी पडलंय" म्हणायचं, दुसऱ्याने "बघू" म्हणायचं, झालं. पण आता ह्यांना माझ्या कशातच काही कमी सापडेना. भात आज चक्क लागला होता. तळाचा करपलेला भाग हे न बोलता खाऊन उठले!

२८ डिसेंबर, बुधवार

नर्सबाईंनी जिन्यात गाठलं. त्या बोलायला फटकळ, पण मनाने चांगल्या. म्हणाल्या, "हे बघा, माणूस घरात बसला की त्याला हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. आमच्यांना नाही कळलं, सोफ्याला चिकटले. तुमच्यांनी निदान शोधलं तरी होतं."

म्हटलं, पण माझ्याच दुकानात?

"मग काय शेजारणीच्या दुकानात जाऊ द्यायचं होतं?" असं म्हणाल्या आणि चालू लागल्या.

हसले. मग घरी येईपर्यंत हसू गेलं.

२ जानेवारी, सोमवार

कुणाला सांगू नये अशी गोष्ट. आज मी नमुना विणला.

हे बाहेर गेल्यावर. चौकोन विणला, धुतला, वाळवला, त्यांच्या पाटावर त्यांच्याच टाचण्या टोचून बसवला. पट्टीने मोजला. माझ्या अंदाजात आणि पट्टीत एवढा फरक! मग सगळा स्वेटर उसवला आणि सुरुवातीपासून पुन्हा विणायला घेतला. पाट पुसून होता तिथे ठेवला, टाचण्या डबीत घातल्या. चोरीच ही एक प्रकारची.

६ जानेवारी, शुक्रवार

पाठ झाली. पलंगावर पसरली. जावयाचा जुना शर्ट वर ठेवून बघितला. खांद्याला खांदा, कडेला कड! आयुष्यात पहिल्यांदा.

दाराशी कुणी येऊन बघतंय का म्हणून वळले. बाहेरच्या खोलीत मुका टीव्ही चालू होता.

म्हणजे आता मला सगळं बरोबर येतं. आणि कुणीही, कशालाही, काहीही म्हणत नाही. हेच तर हवं होतं मला!

८ जानेवारी, रविवार

सकाळी बाही विणत बसले. मग सुईवरचा एक टाका हळूच खाली सोडला आणि बोटाने ओढत ओढत सहा ओळी खाली उतरवला. बाही घेऊन खिडकीशी गेले.

"अहो, बघा ना, टाका गळला. मला काही जमत नाहीये."

ह्यांनी चष्मा लावला. बाही उजेडात धरली. किती वेळ बघत होते!

"लोकर अशी आपोआप सहा ओळी खाली उतरत नाही," म्हणाले. "कुणी तरी ओढलाय हा."

मी पडदा अजून थोडा सरकवला.

"क्रोशाची सुई आण," म्हणाले, "आणि सरक जरा तिकडे."